रिकामी पदे, रेंगाळलेली कामे

कोल्हापूर, प्रतिनिधी

कोल्हापूर महापालिकेत दोन विषयांवर वर्षानुवर्षे चर्चा झडत आली आहे. एक रखडलेल्या कामांचा आणि दुसरा रखडलेल्या नोकरभरतीचा. पहिल्या विषयावर नागरिक संतापतात, दुसऱ्यावर कर्मचारी संघटना निवेदने देतात. माळकर तिकटीजवळच्या मुख्य इमारतीत या दोन्ही विषयांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर असतात. एक आस्थापना विभागात, दुसरी शहर अभियंत्यांच्या कार्यालयात. या फायली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर शहराच्या अनेक दुखण्यांचे मूळ एकच असल्याचे ध्यानात येते. काम आखणारी, मोजणारी आणि तपासणारी स्वतःची पुरेशी माणसे ज्या संस्थेकडे नाहीत, तिला कोट्यवधींचा निधी मिळाला तरी त्याचे चीज करता येत नाही.

हा विचार आताच करण्याचे कारण आहे. महापालिकेच्या मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक होते. स्थायी समिती तेच, महासभाही तेच. १५ जानेवारी २०२६ रोजी ८१ जागांसाठी मतदान झाले आणि लोकनियुक्त सभागृह पुन्हा अस्तित्वात आले. नव्या सदस्यांपुढे आपापल्या प्रभागातील कामांच्या याद्या असणार, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या याद्या अमलात आणणारी यंत्रणा कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यांनी आधी पाहावे.

पस्तीस टक्क्यांची अट

महापालिकेत नोकरभरती करणे हे आयुक्तांच्या किंवा सभागृहाच्या एकट्याच्या हातात नसते. कोणती पदे किती असावीत, याचा आकृतिबंध महापालिका तयार करते; त्याला मान्यता राज्य सरकार देते. सेवा प्रवेश नियमांनाही सरकारचीच मंजुरी लागते. त्यानंतर बिंदुनामावली तपासून घ्यायची, जाहिरात द्यायची, परीक्षा घ्यायची आणि मग नेमणुका करायच्या, असा हा प्रवास आहे. या सर्व टप्प्यांवर एक अट आडवी येते. आस्थापनेवरील खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे सरकारचे बंधन आहे. ते ओलांडले की नव्या भरतीला परवानगी मिळणे दुरापास्त होते.

अट वरकरणी रास्त आहे. करदात्यांचा सारा पैसा पगारातच जावा, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र टक्केवारीला दोन बाजू असतात. खर्च वाढला की ती वाढते, तशीच उत्पन्न खुंटले तरीही वाढते. कोल्हापूरच्या बाबतीत दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. नगरपालिकेची महापालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. तेव्हापासून पाच दशके शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी ही गावे शहराला येऊन भिडली. घरे, दुकाने आणि मंगल कार्यालये हद्दीबाहेर वाढली. हद्दवाढीचा प्रश्न तापला तेव्हा २०१७ मध्ये त्यावर उतारा म्हणून ४२ गावांसाठी प्राधिकरण स्थापन झाले. शहराच्या सेवांवरचा भार वाढत गेला, पण त्या प्रमाणात घरफाळा वाढला नाही. दरम्यान जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईवर महापालिकेची भिस्त आली.

येथे एक दुष्टचक्र तयार होते. उत्पन्न कमी म्हणून भरती नाही. भरती नाही म्हणून घरफाळा विभागात मिळकतींची पाहणी करणारे कमी, पाणीपट्टी विभागात मीटर वाचणारे कमी, नगररचना विभागात बांधकामे तपासणारे कमी. तपासणी कमी म्हणून वसुली कमी आणि वसुली कमी म्हणून पुन्हा भरती नाही. उत्पन्न आणून देणारे पद आणि केवळ खर्चाचे पद यांत ३५ टक्क्यांची अट भेद करीत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

मागच्या दाराने

मंजूर पद भरता आले नाही, तरी काम थांबत नाही. कचरा रोज उचलावा लागतो, गळती काढावी लागते, पवडी विभागाला खड्डे बुजवावे लागतात. मग रोजंदारी, ठोक मानधन आणि ठेकेदारामार्फत मनुष्यबळ असे मार्ग निघतात. ठेकेदाराचे बिल हे सेवेचे बिल असल्याने हा खर्च बहुधा आस्थापनेच्या रकान्यात दिसत नाही. कागदावर टक्केवारी आटोक्यात राहते, तिजोरीतून पैसा मात्र जातोच.

या पद्धतीची किंमत कामगार मोजतो. त्याच कामासाठी कायम कर्मचाऱ्याला एक वेतन आणि शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला त्याहून कितीतरी कमी. पुढे दहा-पंधरा वर्षांनी 'आम्हाला कायम करा' ही मागणी न्यायालयात जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात, भरतीचे नियम डावलून झालेल्या नेमणुका सरसकट कायम करता येणार नाहीत, असा निकाल दिला. त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मधील जग्गो खटल्यात, वर्षानुवर्षे नियमित स्वरूपाचे काम करवून घ्यायचे आणि उमादेवी निकालाची ढाल पुढे करून हक्क नाकारायचे, या प्रवृत्तीवर बोट ठेवले. दोन्ही निकालांचा मथितार्थ एकच आहे: कायमचे काम असेल, तर पद रीतसर भरा.

कोल्हापूरने या प्रश्नाकडे आणखी एका अंगाने पाहिले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. रिकाम्या होणाऱ्या जागा भरल्या जाणार, हे त्या आदेशात गृहीत होते. जागाच भरली नाही, तर आरक्षण कशाचे? ठेकेदाराने आणलेल्या माणसांना ना बिंदुनामावली, ना जाहिरात, ना परीक्षा. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर तरुणांत असंतोष उसळला आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. मात्र महापालिकांच्या पातळीवर हाच प्रकार लहान लहान निविदांतून चालू राहतो आणि त्याची फारशी वाच्यता होत नाही.

टोलचा धडा

आता दुसऱ्या फायलीकडे वळू. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांच्या विकासाचा २२० कोटी रुपयांचा प्रकल्प २००८ मध्ये आयआरबी कंपनीकडे गेला. बदल्यात कंपनीला ३० वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क मिळणार होता, शिवाय टेंबलाईवाडी येथील मोक्याची जागाही देण्यात आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले आंदोलन शहराने पाहिले. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोलमाफी जाहीर केली आणि कंपनीचे पैसे भागविण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

या लढ्याची आठवण 'टोल हटविला' एवढ्यावर थांबते. त्यातील प्रशासकीय धडा मागे पडला. झालेल्या कामाची किंमत नेमकी किती, यावरच वाद उभा राहिला आणि त्यासाठी समित्या नेमून फेरमूल्यांकन करावे लागले. रस्ते शहराचे, जागा शहराची; पण प्रकल्प ठरला तो महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी यांच्या करारातून आणि त्यावरची देखरेख सल्लागारावर सोपविली गेली. रस्त्याखालच्या जलवाहिन्या व गटारे आधी हलवायची की नंतर, विजेचे खांब कोणी काढायचे, यांवरून तक्रारींचा पाऊस पडला. रोजच्या रोज मोजमाप घेणारी स्वतःची सक्षम फळी महापालिकेकडे असती, तर मूल्यांकनाचा वाद एवढा चिघळला नसता.

थेट पाइपलाइनची नऊ वर्षे

काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणण्याची योजना २०१३ मध्ये मंजूर झाली आणि २०१४ मध्ये काम सुरू झाले. सुमारे ५३ किलोमीटरची वाहिनी सव्वादोन वर्षांत पूर्ण करण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात पुईखडीला पाणी पोहोचले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. वन विभागाची आणि रस्त्यांशी संबंधित खात्यांची परवानगी, वाटेवरील गावांचा विरोध, धरणाची पातळी खाली गेल्यावरच करता येणारे जॅकवेलचे काम अशी विलंबाची कारणे वेळोवेळी पुढे आली. यांपैकी एकही कारण आकस्मिक नव्हते. धरणात पावसाळ्यानंतर पाणी असणार आणि वाहिनी गावांजवळून जाणार, हे पहिल्या दिवशीही ठाऊक होते.

या काळात किती महापौर आले आणि गेले, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. सत्तेच्या वाटणीत महापौरपद काही महिन्यांपुरते विभागले जात असे. स्थायी समितीच्या १६ सदस्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, सभापती वर्षाचा. आयुक्त सरकारकडून येतात आणि बदलून जातात. नगररचनेचे सहायक संचालकही राज्याच्या सेवेतले. एवढ्या बदलांत नऊ वर्षे चाललेल्या कामाचे सातत्य टिकवायचे, तर ते महापालिकेच्या स्वतःच्या अभियंत्यांनीच टिकवायला हवे. परंतु एकाच अभियंत्याकडे दोन-तीन पदांचा प्रभार असेल, तर तो पत्रव्यवहारातच गुंततो.

पाणी आल्यानंतरही पंप आणि विजेच्या बिघाडांमुळे पुरवठा वारंवार खंडित होत राहिला, आणि शहरांतर्गत टाक्या व वाहिन्यांची अमृत योजनेतील कामे मागे राहिली होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे बुडून पाण्याने वेढलेले शहर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरमागे धावले होते. ज्या संकटासाठी ही योजना हवी होती ते दोनदा येऊन गेले, त्यानंतर योजना आली.

पुढे नगरोत्थान योजनेतून १०० कोटी रुपयांच्या १६ रस्त्यांचे काम हाती घेण्यात आले. तेही रेंगाळले आणि खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या नागरिकांच्या रोषाचा विषय झाले. निधी राज्याचा, ठेकेदार बाहेरचा. महापालिकेच्या वाट्याला आली ती देखरेख, आणि नेमकी तीच तिची दुबळी बाजू.

मोजमाप पुस्तिका कोणाच्या हाती?

सार्वजनिक कामाचा सारा व्यवहार शेवटी एका वहीवर येऊन थांबतो. ती म्हणजे मोजमाप पुस्तिका. खडीचा थर किती जाडीचा, डांबर किती, पाइप किती खोल, याची नोंद कनिष्ठ अभियंत्याने जागेवर उभे राहून करायची, उपअभियंत्याने ती तपासायची आणि त्यावर ठेकेदाराचे बिल निघायचे. कनिष्ठ अभियंत्याकडे एकाच वेळी झेपणार नाहीत इतकी कामे असतील, तर तो नोंदी कार्यालयात बसून करणार. तेथून पुढे त्रयस्थ तपासणी, दोषदायित्वाचा कालावधी, नोटिसा हे सारे उपचार ठरतात.

अंदाजपत्रकाचेही तसेच आहे. स्वतःकडे सर्वेक्षक व आरेखक नसले की प्रकल्प अहवाल सल्लागार तयार करतो. त्याचे शुल्क अनेकदा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यांवर ठरते. खर्च कमी दाखविण्यात त्याचे हित नसते. विकास आराखड्यातील आरक्षणांवर या कमतरतेचा परिणाम अधिक गंभीर होतो. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण आपोआप उठते. एक पत्र टेबलावर पडून राहिले की मैदान गेले, उद्यान गेले.

सभागृहाकडून अपेक्षा

नव्या सभागृहाने काही गोष्टी निश्चयाने कराव्यात. आकृतिबंधाच्या मंजुरीचा आणि भरतीचा पाठपुरावा करताना अभियंते, घरफाळा निरीक्षक आणि नगररचना कर्मचारी यांच्या पदांना अग्रक्रम द्यावा आणि उत्पन्न वाढविणाऱ्या पदांना ३५ टक्क्यांच्या अटीतून सवलत मागावी. ठेकेदारामार्फतच्या मनुष्यबळाचा खर्च अर्थसंकल्पात आस्थापना खर्चाशेजारी स्वतंत्रपणे दाखवावा, म्हणजे कंत्राटी पद्धत खरोखर स्वस्त पडते का, हे कळेल. प्रत्येक मोठ्या कामाच्या प्रस्तावासोबत ते कोणता अभियंता पाहणार आणि त्याच्याकडे आणखी किती कामे आहेत, याची नोंद सभागृहापुढे यावी. या मागण्यांत खर्चाचे फारसे काही नाही. अडचण आहे ती वेगळीच. रिकाम्या जागा आणि सैल देखरेख या स्थितीत अनेकांची सोय असते. मनुष्यबळाचा ठेका मिळतो, ओळखीच्या मुलाची वर्णी लागते, बिल लवकर निघते.

रस्त्याच्या कामाचा नारळ फोडता येतो, फलक लावता येतो, छायाचित्र काढता येते. रीतसर परीक्षेतून आलेल्या कनिष्ठ अभियंत्याच्या नेमणुकीचा नारळ कोणी फोडत नाही. प्रभागातील रस्ता पाच वर्षांनी शाबूत असेल की नाही, हे मात्र त्या नेमणुकीवर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. अर्थसंकल्पाच्या सभेत नगरसेवक आपल्या प्रभागासाठी निधी मागतील, तेव्हा मतदारांनी त्यांना एवढेच विचारावे, की हे काम मोजायला माणूस आहे का?