पन्नास पावलं मोजून बघा

दिवाळी सरली, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की पाथरीच्या रस्त्यावर पोरांचा एक खेळ सुरू होतो. उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, गतिरोधकापाशी हळू होतो, आणि शाळा सुटलेली चार-पाच पोरं दप्तरासकट मागं धावत सुटतात. बाहेर आलेलं एखादं कांडं धरायचं, पाय रोवायचे आणि हिसका द्यायचा. आला ऊस तर आरोळी, नाही आला तर चार पावलं फरपटत जाऊन हात सोडायचा. आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी केलंय, म्हणून कोणी रागावतही नाही.

मागच्या हंगामात, माघ संपता संपता, मी अशाच एकाला थांबवलं. नववीतला होता. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, सवय जात नाही. म्हटलं, न्यूटनचा तिसरा नियम सांग. त्यानं पुस्तकातल्या शब्दांत, स्वल्पविरामासकट सांगितला.

"मग तू ऊस ओढतोस तेव्हा ऊस काय करतो?"

"ऊस काय करणार सर? ऊस येतो."

"आणि नाही आला तर?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग हातातल्या कांड्याकडं.

नाही आला तर ऊसच पोराला नेतो. पोरगं जेवढ्या जोरानं ऊस ओढतं, तेवढ्याच जोरानं ऊस पोराला ओढतो. यात कोणी मोठा-छोटा नाही. फरक पडतो तो वजनानं. पोरगं चाळीस किलोचं आणि दोन्ही ट्रॉल्यांचा भार वीस टन धरला तर पाचशेपट. तोच हिसका ट्रॉलीला कळतसुद्धा नाही आणि पोराला जमिनीवरून उचलतो. पहिल्या ट्रॉलीचं कांडं ओढणारा तोल जाऊन पडला, तर पडतो तो दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकापुढं.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ 'गतीचे नियम' आहे. जून-जुलैत तो शिकवून होतो, परीक्षेत सुटतो आणि दप्तरात जातो. उसाची वाहतूक त्यानंतर सुरू होते. माझं एवढंच म्हणणं आहे, की तो पाठ हंगामात परत बाहेर काढा, आणि पोरांच्याही आधी आपण मोठ्यांनी वाचावा. कारण गाडी आपण चालवतो.

पहिला नियम घ्या. हलणारी वस्तू आपल्या मनानं थांबत नाही, तिला थांबवावं लागतं. हे ऐकायला सोपं आहे, पण मनाला पटत नाही, आणि त्याचं कारण बैलगाडी आहे. बैल थांबला की गाडी थांबते. हजारो वर्षं माणसानं हेच बघितलं, म्हणून ओढणारा असेल तरच वस्तू चालते असं भल्याभल्यांना वाटत होतं. ग्रीकांचा अॅरिस्टॉटलही तेच सांगून गेला. न्यूटनचं पुस्तक १६८७ साली आलं, तेव्हा कुठं चित्र स्वच्छ झालं. गाडी आपोआप थांबत नव्हती, तिला घर्षण थांबवत होतं. लाकडी आस, वंगण आटलेलं, चाकावरची लोखंडी धाव काळ्या मातीत रुतलेली. बैलाची सगळी मेहनत त्या घर्षणाशी भांडण्यात जायची.

मग टायरगाडी आली, बेअरिंग आलं, डांबरी सडक आली. घर्षण कमी झालं आणि बैलाचं ओझं हलकं झालं. पण उताराला काय होतं ते ऊसतोडीच्या माणसाला विचारा. कालव्याच्या पुलावरून भरलेली टायरगाडी खाली उतरताना बैल गाडी ओढत नसतो, गाडी बैलाला ढकलत असते. पुढचे पाय घसरले की बैल गुडघ्यावर येतो आणि जू मानेत रुततं. अशा वेळी चाबूक ओढणाऱ्याचा मला फार राग येतो. त्या जनावरानं काय करावं? त्याच्या मागं टनावारी वजन आहे आणि त्या वजनाला थांबायचं ठाऊक नाही.

ट्रॅक्टरचं याहून वेगळं नाही, फक्त आकडे मोठे. ट्रॅक्टर अडीच टनांचा, मागं वीस टन. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. जे काही थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या चाकांनी. चाक रस्त्याला धरून किती ओढू शकतं, हे त्या चाकावर वजन किती यावर ठरतं. म्हणजे अडीच टनांच्या पकडीवर साडेबावीस टन थांबवायचे. ढोबळ हिशेब केला तर ताशी २० किलोमीटरच्या वेगात, कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत वीस मीटर जातात. त्याच वेगातली मोटारसायकल सव्वादोन मीटरमध्ये थांबते. म्हणून ट्रॅक्टरला हात दाखवून त्याच्यासमोरून गाडी आडवी घालणाऱ्या दादांना माझी विनंती आहे: ड्रायव्हर तुम्हाला बघतो, ब्रेकही दाबतो, पण मागचे वीस टन तुमचा हात बघत नाहीत.

आता आपल्या मोटारसायकलकडं येऊ, कारण तिथं चूक आपली असते आणि ती आपल्याला चूक वाटत नाही.

थांबण्याचे दोन भाग असतात. समोर काही दिसलं, डोक्यात शिरलं, हात-पाय ब्रेकवर गेले, यात एक सेकंद जातो. तरण्याताठ्या, जाग्या माणसाचा सुद्धा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तेवढं अंतर ब्रेकला हात लागायच्या आधीच मागं पडलेलं असतं. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस मीटर. एकूण सदतीस. चाळीसच्या वेगात हाच हिशेब अकरा आणि नऊ, एकूण वीस. आणि ८० वर अठ्ठावन्न. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ९ मीटरचे ३६. पुस्तकात ते सूत्रात लपलेलं आहे आणि पोरं ते पाठ करतात, पण नऊचे छत्तीस झालेले कोणी रस्त्यावर दाखवत नाही. रस्त्यावर वाळू, खडी, ट्रॉलीतून सांडलेलं पाचट असेल, नाहीतर पहिला पाऊस पडलेला असेल, तर ब्रेकचं अंतर आणखी वाढतं, कधी दुप्पट.

एक गोष्ट मी वर्गात फळ्यावर मांडायचो, ती इथं सांगतो. दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी चालल्यात, एक ४० नं, दुसरी ६० नं. वीस मीटरवर अचानक म्हैस आली. दोघांनी एकाच क्षणी बघितली. चाळीसवाला म्हशीच्या नाकासमोर थांबला. साठवाल्याचा वेग त्या जागी किती असेल? पोरं म्हणायची, वीस. कोणी म्हणायचं, तीस. हिशेब केला की पंचावन्न येतो. कारण वीसपैकी सतरा मीटर तर ब्रेक लागायच्या आतच गेलेत. आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प व्हायचा. मग मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, म्हशीला पण लागेल ना?"

रात्री याला उजेडाची अट जोडा. डीमवर मोटारसायकलचा दिवा जेमतेम तीस-चाळीस मीटर दाखवतो. पुढं रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तरी उसाचे शेंडे त्याच्यावर लोंबतायत. साठनं चाललेल्या माणसाला थांबायला सदतीस मीटर लागतात आणि त्याला दिसलं पस्तीसवर. आपल्याकडच्या राष्ट्रीय महामार्गावर, मानवतकडं जाताना असो की माजलगावकडं, हे गणित रोज रात्री कोणीतरी सोडवत असतो. ट्रॉलीमालकांना आणि मुकादमांना हात जोडून सांगणं आहे: मागच्या ट्रॉलीला लाल-पिवळी चमकती पट्टी लावा आणि तिच्यावर ऊस येऊ देऊ नका. गाडी बंद पडली तर मागं पन्नास-साठ पावलांवर काहीतरी ठेवा. दगड मात्र ठेवू नका, आणि ठेवलाच तर जाताना उचला. तो दगड तसाच सोडून जाणाऱ्याला काय म्हणावं ते इथं लिहिता येत नाही.

हेल्मेटचंही या ओघात. लहानपणी कापसाच्या गंजीत उडी मारलेली आठवते? घरात कापूस वेचून आणून टाकलेला, आजी ओरडतेय, आणि आपण माळवदाच्या जिन्यावरून धप्पकन आत. तीच उडी शेजारच्या शहाबादी फरशीवर मारली असती तर पाय मोडला असता. उंची तीच, वजन तेच, खाली येतानाचा वेग तोच. कापसानं केलं एवढंच, की थांबायला वेळ दिला. फरशी क्षणात थांबवते, म्हणून जोर भयंकर. कापूस सावकाश थांबवतो, म्हणून गुदगुल्या. न्यूटनचा दुसरा नियम हाच आहे. हेल्मेटच्या आत जो बोटभर फोम असतो तो डोक्यासाठी कापसाची गंजी आहे. ताशी ४० च्या वेगानं आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडणं. ६० चं म्हणजे चौदा मीटर. आपल्या गावात तेवढी उंच घरं मोजकीच. त्यावरून पोराला उडी मारू द्याल का? मग त्याला चावी देताना आधी डोकं बघा. आणि हेल्मेटचा पट्टा बांधायला लावा. बिनपट्ट्याचं हेल्मेट माणसाच्या आधी उडून जातं. हँडलला अडकवलेल्या हेल्मेटबद्दल तर बोलतच नाही.

शेवटची गोष्ट ट्रॅक्टरवाल्यांसाठी, आणि ती नीट ऐका. आपली जमीन काळी, भारी. पाऊस झाला की चाक रुततं. मग आपण काय करतो? पहिला गिअर टाकतो, रेस देतो, नाहीतर मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीनं बांधतो आणि क्लच झटकन सोडतो. इंजिन चाकाला फिरवतं तेव्हा चाकही ट्रॅक्टरला उलट्या बाजूनं फिरवायला बघत असतं. एरवी चाक फिरतं म्हणून ते जाणवत नाही. चाक पक्कं अडकलं, की फिरायला दुसरं कोणी उरत नाही. ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. तोंड वर उठतं आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. बघता बघता होतं, उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून रुतला तर पुढं काढू नका, मागं घेऊन बघा. नाही निघाला तर उतरा आणि दुसरा ट्रॅक्टर बोलवा. ओढताना साखळी खालच्या हुकालाच बांधा, आसाच्या वर कधीही नाही. शेजाऱ्याला फोन करण्यात कमीपणा वाटत असेल तर तो वाटू द्या.

आणि आई-वडिलांनो, पोराला हे सगळं वहीत उतरवून द्यायची गरज नाही. त्याला घेऊन दारातून निघा आणि रस्त्याच्या कडेनं सरळ पन्नास पावलं चाला. मोठ्या माणसाचं पाऊल पाऊण मीटर धरलं तर पन्नास पावलं म्हणजे साधारण सदतीस मीटर. साठच्या वेगाला थांबायला लागणारं अंतर ते. बाविसाव्या पावलावर क्षणभर उभे राहा. इथपर्यंत ब्रेकला हातसुद्धा लागलेला नसतो.

मी आणि त्या ऊस ओढणाऱ्या पोरानं त्या दिवशी गतिरोधकापासून अशीच पावलं मोजली. तो बाविसाव्यावर थांबला, मागं वळून बघितलं, काही बोलला नाही. पन्नासावं पाऊल पडलं ते रसवंतीच्या दारात. दोन ग्लास सांगितले. घुंगरं वाजायला लागली, मालकानं चरकात ऊस घातला, आणि पोरगं म्हणालं, "सर, हा ऊस चरकाला ओढतोय का चरक उसाला?"