मूळपुरुष आणि त्याची पत्नी

आपल्याकडे घराण्याची हकीगत सांगावयास बसलें म्हणजे आरंभ बहुधा एकच असतो. मूळपुरुष अमुक गांवाहून निघाला, तमुक ठिकाणीं स्थायिक झाला आणि त्यास इतके मुलगे झाले. त्याच्या पत्नीचें माहेर कोणतें, हें सांगतां येईल अशीं घरें किती सांपडतील? ही उणीव केवळ आपल्यापुरतीच नाहीं, हें दाखविण्यासाठीं या महिन्यांत आम्ही अमेरिकेंतील एका घराण्याची हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १६२० च्या सप्टेंबरांत ‘मेफ्लॉवर’ नांवाचें गलबत १०२ उतारू घेऊन इंग्लंडांतून अमेरिकेकडे निघालें. कांहीं उतारू धर्ममतासाठीं देशत्याग केलेले, तर कांहीं पोटासाठीं निघालेले. जॉन हाउलंड हा त्यांतील जॉन कार्व्हर या गृहस्थाचा नोकर होता. भर समुद्रांत वादळ चालू असतां हा तरुण वर आला आणि एका हेलकाव्यासरशी पाण्यांत फेकला गेला. सुदैवानें शिडाचा एक लांब दोर पाण्यांत लोंबत होता, तो त्याच्या हातीं लागला. बराच खोल बुडाला असतांहि त्यानें तो सोडला नाहीं, आणि अखेर खलाशांनीं आंकड्यानें त्यास वर घेतलें.

किनाऱ्यास लागल्यावरचा पहिला हिवाळा समुद्राहूनहि कठीण गेला. निम्मीं माणसें दगावलीं. वसाहतीचा पहिला गव्हर्नर झालेला कार्व्हर १६२१ च्या वसंतांत वारला आणि त्याची पत्नीहि लवकरच त्याच्या मागून गेली. त्याच गलबतावर एलिझाबेथ टिली नांवाची तेरा वर्षांची मुलगी होती. तिचे आईबाप, चुलता आणि चुलती हीं चौघेंहि त्या हिवाळ्यांत गेलीं. पुढें दोनतीन वर्षांनीं या निराधार मुलीचा आणि त्या वांचलेल्या नोकराचा विवाह झाला.

हीं माणसें जेथें वसलीं तेथें पूर्वी पटुक्सेट नांवाचें तद्देशीयांचें गांव होतें. तें साथीनें ओस पडलें होतें. त्याच गांवच्या टिस्क्वांटम या हयात राहिलेल्या गृहस्थानें नवागतांस मका पेरावयास शिकविलें. एकाचा संसार दुसऱ्याच्या मोडलेल्या घराच्या जागेवर उभा राहिला, हेंहि या हकीगतींत विसरतां कामा नये.

जॉन व एलिझाबेथ यांस दहा अपत्यें झालीं, सहा मुली व चार मुलगे. एका मुलीचें नांव ‘होप’, म्हणजे आशा. त्या काळीं अर्भकें फार दगावत, तरी हीं दहाहि मुलें वाढून संसाराला लागलीं आणि नातवंडांची संख्या ऐंशींवर गेली. १६२७ मध्यें वसाहतीचें १,८०० पौंडांचें कर्ज ज्या आठ जणांनीं अंगावर घेतलें, त्यांत हा एके काळचा नोकर होता. तो १६७३ मध्यें ऐंशीं वर्षें उलटल्यावर वारला. एलिझाबेथ पुढें १६८७ पर्यंत जगली. अखेरचे दिवस तिनें मुलीच्या घरीं काढले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, बुश पितापुत्र आणि निबंधकार इमर्सन हे याच दांपत्याचे वंशज होत.

इतकी मोठी वंशवेल, आणि तरीहि पुढील पिढ्यांस मूळ आजीचें माहेर विसरावयास झालें! ती गव्हर्नर कार्व्हर याच्या घरचीच मुलगी, असा समज घराण्यांत रूढ झाला. थोराशीं नातें जोडण्याची हौस सर्वत्र सारखीच. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानें लिहिलेलें हस्तलिखित बखरीसारखें पुस्तक बरींच वर्षें हरवलेलें होतें. तें १८५५ मध्यें लंडनच्या बिशपाच्या ग्रंथालयांत सांपडलें आणि त्यांतील एका नोंदीवरून ती टिलीची मुलगी असल्याचें ठरलें. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वी वारलेल्या बाईस तिचे आईबाप परत मिळाले, ते त्या एका ओळीमुळें.

आपल्याकडे हा धोका अधिकच आहे. विवाहांत मुलीचें आडनांवच नव्हे, तर पुष्कळ घरीं पाळण्यांतलें नांवहि बदलत आलें. कांहीं कुलवृत्तांतांत सुनांचीं माहेरचीं नांवें दिलेलीं असतात, हें खरें. परंतु चारपांच पिढ्या मागें गेलें कीं तो रकाना बहुधा कोरा दिसतो. त्या बायांनींहि परगांवीं येऊन घर उभें केलें होतें. किंबहुना एकाच घराण्यांत खरें स्थलांतर प्रत्येक पिढीस त्यांनींच केलें.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे. घरांतील वडील बायकांपाशीं एखाद्या दुपारीं बसावें. आपली आई, आजी, पणजी आणि थोरल्या-धाकट्या जावा यांचीं माहेरचीं नांवें, आडनांवें व गांवें त्यांस विचारून वहींत उतरून घ्यावीं, आणि नोंदीखालीं सांगणारीचें नांव व तारीख घालावी. आपल्यासाठीं कोणी ब्रॅडफर्ड बसून राहिलेला नाहीं, आणि हें सांगूं शकणारीं माणसें घरांत सदैव असतील असेंहि नाहीं.