घरातली यादी मराठीत लिहूया



मागच्या महिन्यात घरी एक लग्नपत्रिका आली. आजीला चष्मा सापडेना. तिनं माझ्या पुतणीला हाक मारली, "बाळ, वाच की जरा, मुहूर्त कधी हाय?" पुतणी दुसरीत, इंग्रजी माध्यमात. दिवसभर मराठीतच भांडते, मराठीतच रुसते. पण पत्रिका हातात घेऊन गप्प उभी राहिली. 'मु' जमला, रफाराशी अडली, आणि "काका, तूच वाच" म्हणून पळाली.

मला आधी शाळेचा राग आला. रात्री मोबाईल बघितला आणि राग माझ्याकडंच वळला. वहिनीला पाठवलेले माझे सगळे मेसेज मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. किराण्याची यादीसुद्धा तशीच. मोर्चात घसा फोडून घोषणा देणारा मी. पण मराठी लिहिताना या पोरीनं मला कधी बघितलंच नाही.

मूल वाचायला शिकतं म्हणजे काय? अक्षराला आवाज जोडतं, आवाजांचा शब्द करतं. तो शब्द आधी कानावरून गेलेला असला की अर्थ लगेच लागतो. 'गूळ' वाचलं की चव आठवते. अनोळखी भाषेत अक्षरं जुळतात, चव येत नाही. म्हणून सुरुवात घरच्या भाषेतून व्हायला हवी.

राज्यघटनेतही हे आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं कलम ३५० अ आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्यानं आणि स्थानिक संस्थांनी करावा, असं ते सांगतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मराठी शाळा, शिक्षक, पुस्तकं ही मागणी आपण सोडायची नाहीच. पण कलम काही रात्री घरी येऊन पोरीला गोष्ट वाचून दाखवणार नाही.

आणि कन्नड शिकू नको, असं मी तिला कधीच सांगणार नाही. कन्नडमध्ये बाराखडीला कागुणित म्हणतात. क्रम आपलाच: का, कि, की, कु, कू. फक्त तिथं ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व-दीर्घ वेगळे असतात. एक पक्की झाली की दुसरी सोपी जाते.

आता आमच्या घरची यादी पोरगीच लिहिते. पहिल्यांदा 'गुळ', 'तांदुळ' असं लिहिलं. मी काही बोललो नाही. दुकानदारानं यादी वाचून बरोबर सामान दिलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ऱ्हस्व-दीर्घ घरी आल्यावर सांगितलं, दोन मिनिटांचं काम. रात्री दहा मिनिटं वाचन: एक ओळ मी, एक ओळ ती, बोट अक्षराखाली. सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी आजीला वाचून दाखवायची. खर्च शून्य.

तुमच्याही घरात पहिली-दुसरीतलं कुणीतरी असेल. त्याचे दादा, ताई, काका, मावशी तुम्हीच. आजच मोबाईलचा कीबोर्ड मराठी करा आणि उद्याची यादी त्या पोराच्या हातात द्या. चुकू दे की. लिहू तर दे.

परवा आणखी एक पत्रिका आली. रफाराशी ती अजून अडते. पण आता पळत नाही.