अभ्यास सांभाळून कला

‘गाणेबजावणे ठीक आहे हो, पण अभ्यासाचे काय?’ ही काळजी आईबापांना साऱ्या जगात सारखीच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, दोन तळ्यांच्या मधोमध, इंटरलॉकन येथे जोसेफ मॅडी या संगीतशिक्षकाने १९२८ मध्ये शाळकरी वादकांसाठी उन्हाळी शिबिर काढले. १९६२ मध्ये त्याच्या जोडीला निवासी कलाशाळा उभी राहिली. तिथे गणित-विज्ञान चुकत नाही. पण गाणे, नाच, नाटक, चित्रकला यांचे तासही तितक्याच मानाचे. रियाज हा फावल्या वेळचा उद्योग नव्हे, हे मला फार आवडले.

अडचण एकच, पैसा! शाळा खासगी, राहणे-जेवणे तिथेच; फी ऐकून भल्याभल्यांनी कपाळाला हात लावावा. अलास्कातल्या होमर गावच्या ज्युएल किल्चर या मुलीच्या घरी नळसुद्धा नव्हता. तिला शिष्यवृत्ती मिळाली, तीही अपुरी. मग गावातल्या दुकानदारांनी आपल्याकडच्या वस्तू दिल्या, त्यांचा लिलाव झाला आणि ११,००० डॉलर उभे राहिले. पहिल्या वर्षाची सोय झाली. गिटार तिने त्या शाळेतच हाती धरली. १९९२ मध्ये ती तिथून उत्तीर्ण झाली आणि १९९५ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या तबकडीच्या पुढे कोटीहून अधिक प्रती खपल्या.