भासाचा कर्ण

रंगभूमीवरचा योद्धा म्हटला म्हणजे त्यानें गर्जना करीत यावें, शत्रूस दोन शब्द सुनवावे आणि प्रेक्षकांस आपल्या जयाविषयीं निःशंक करावें, अशी आपणां सर्वांची अपेक्षा असते. ‘कर्णभार’ ह्या एकांकी संस्कृत नाटकांत कर्ण येतो तो अगदींच निराळ्या रीतीनें. दुर्योधनाचा निरोप घेऊन आलेला सेवक त्याच्या मुद्रेकडे पाहून चपापतो. युद्धाच्या नुसत्या वार्तेनें ज्याच्या अंगावर मूठभर मांस चढावयाचें, तो आज ऐन रणाच्या तोंडावर खिन्न आहे. अर्जुन असेल तिकडे रथ ने, एवढेंच तो शल्यास सांगतो, आणि मग स्वतःच्याच मनाशीं बोलूं लागतो.

नाटकाच्या नांवांतील हा ‘भार’ कशाचा, ह्यावर पंडितांचें एकमत नाहीं. कोणी म्हणतात सेनापतिपदाचा, कोणी म्हणतात कानांतील कुंडलांचा. आम्हांस विचाराल तर तो भार ‘माझी किंमत काय’ ह्या एका प्रश्नाचा आहे. नाटक त्या अंगानें वाचलें म्हणजे त्यांतल्या लहानसहान गोष्टीहि बोलूं लागतात.

नाटक लहान आहे. दुपारच्या निजेआधीं सहज वाचून होईल एवढें. त्रिवेंद्रमचे पंडित त. गणपतिशास्त्री यांनीं त्रावणकोरांत ताडपत्रांवर सांपडलेलीं तेरा नाटकें १९१२ पासून प्रसिद्ध केलीं, त्यांतलेंच हें एक. पोथ्यांत कर्त्याचें नांव नाहीं, म्हणून तीं भासाचीं कीं नाहींत हा वाद तेव्हांपासून चालत आला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून आपणांस ठाऊक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनींहि ह्या नाटकांचा बारकाईनें अभ्यास केला होता. आम्ही त्या वादांत शिरत नाहीं. परंपरेनें चालत आलेलें भासाचें नांव घेतों, आणि पुढें जातों.

कर्णाच्या मनांत प्रथम येतो तो आपला जन्म. आई कुंती, ओळख मात्र राधेची. आणि ज्यांच्यावर आज बाण सोडावयाचे ते पांडव आपलेच धाकटे भाऊ. महाभारत ज्यांनीं मुळांतून किंवा मोरोपंतांच्या आर्यांतून वाचलें आहे, त्यांस आदिपर्वांतला अस्त्रपरीक्षेचा प्रसंग सांगावयास नको. कर्ण अर्जुनास आव्हान देतो, कृपाचार्य त्याचें कुळ विचारतात, कर्णाची मान खालीं जाते, आणि दुर्योधन त्यास तेथल्या तेथें अंगदेशाचा राजा करतो. त्या दिवशीं कर्णाची किंमत दुसऱ्यानें ठरविली आणि ती भरलीहि दुसऱ्यानेंच. पुढें जन्मभर तो त्या कर्जाचें व्याज फेडीत राहिला. द्यूतसभेंत द्रौपदीविषयीं जे शब्द त्याच्या तोंडून निघाले, तेहि त्याच हिशेबांतले. ते शब्द कोणत्याहि सबबीनें धुऊन निघणारे नाहींत, आणि आम्हीहि ते धुऊं इच्छीत नाहीं. ज्यास चारचौघांत हलकें लेखलें गेलें, त्यास दुसऱ्यास हलकें करण्यांत एक क्षुद्र समाधान मिळतें. तें कर्णानें त्या सभेंत पुरेपूर घेतलें. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजया’नें (१९६७) कर्ण आपल्याकडे घरोघर पोंचविला, पण त्याबरोबर त्याची कीव करण्याची संवयहि पुष्कळांस लागली. भासाचा कर्ण कीव मागत नाहीं.

तो शल्यास एक जुनी हकीकत सांगतो. अस्त्रविद्येसाठीं तो परशुरामाकडे गेला. आपण ब्राह्मणासच शिकवितों, क्षत्रियांशीं आपलें वैर आहे, असें परशुरामानें सांगतांच कर्ण उत्तरला कीं आपण क्षत्रिय नव्हे. महाभारतांतला कर्ण येथें सरळच आपण भृगुकुळांतला ब्राह्मण असल्याचें सांगतो. भासानें तें खोटें एवढ्यावर आणून ठेविलें आहे. मोठी मार्मिक जागा आहे ही. सूताच्या घरीं वाढलेल्या मुलाच्या तोंडीं हें उत्तर खरें, कुंतीच्या मुलाच्या तोंडीं खोटें. आपण कोण हेंच ज्यास धड ठाऊक नाहीं, त्यानें खरें सांगावें तरी काय? पण आपण ब्राह्मण नाहीं हें त्यानें सांगितलें नाहीं, आणि तेवढा अपराध त्याच्या पदरीं राहतोच.

पुढें एके दिवशीं फळेंमुळें, समिधा आणण्यास गुरुशिष्य वनांत जातात. दमलेला गुरु शिष्याच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपीं जातो. वज्रमुख नांवाचा किडा कर्णाच्या मांड्या पोंखरतो, आणि गुरूची झोंप मोडूं नये म्हणून कर्ण हूं कीं चूं करीत नाहीं. रक्ताचा ओलावा लागून परशुराम जागा होतो, काय तें ओळखतो, आणि ऐन वेळीं तुझीं अस्त्रें निष्फळ होतील असा शाप देतो. कर्णाचें बिंग फुटलें तें त्याच्या सहनशीलतेनें. तो जरा कण्हता, पाय हलविता, तर कदाचित् विद्या पदरांत पडून सुखरूप घरीं येता. आतां रथांत बसून तो आपलीं अस्त्रें पाहतो, आणि तीं त्यास निर्जीव भासतात. घोडेहि ठेंचाळत आहेत.

महाभारतांतला शल्य ह्या वेळीं काय करतो तें आपणांस ठाऊक आहे. युधिष्ठिरास दिलेल्या वचनाप्रमाणें तो कर्णाचा तेजोभंग करीत सुटतो. उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसाशीं पैज लावून बुडूं लागला, ही गोष्ट त्यास ऐकवितो. ती गोष्ट कर्णाच्या नेमक्या दुखऱ्या जागीं लागणारी आहे. भासानें ती गाळली. त्याचा शल्य कर्णाची हकीकत ऐकून हळहळतो. टोंचणारा बाहेर कोणी ठेविलाच नाहीं, कारण कर्णास आंतून टोंचणारें पुरेसें आहे. मेलों तर स्वर्ग, जिंकलों तर कीर्ति, म्हणून युद्ध निष्फळ नाहीं, अशी तो आपली समजूत घालतो. हा युक्तिवाद गीतेंतहि आहे. पण तेथें तो श्रीकृष्ण अर्जुनास सांगतो. कर्णास तो स्वतःच स्वतःस सांगावा लागतो.

आणि येथेंच भिक्षेची हांक ऐकूं येते. अर्जुनाच्या हितासाठीं इंद्र ब्राह्मणवेषानें आलेला आहे. वेष ब्राह्मणाचा, पण भाषा प्राकृत, ह्याची जाणत्या प्रेक्षकांस गंमत वाटली असेल. कर्ण नमस्कार करतो, तेव्हां इंद्रास पेंच पडतो: दीर्घायुषी हो म्हणावें तर हा खरोखरच जगेल, कांहींच न म्हणावें तर हा आपणांस मूर्ख समजेल. शेवटीं तो चंद्र, सूर्य, हिमालय, सागर यांसारखी तुझी कीर्ति टिको एवढाच आशीर्वाद देतो. आयुष्य सोडून बाकी सारें देणारा हा आशीर्वाद कर्णाच्या ध्यानांत येतो. क्षणभर तो थबकतो, आणि गुणच काय ते मागें उरतात असें म्हणून पुढें जातो.

मग देण्याची एक विलक्षण चढाओढ सुरू होते. कर्ण गाई देऊं करतो, नको. घोडे; नको. हत्ती, सोनें, जिंकलेली पृथ्वी, यज्ञाचें पुण्य, सर्वांस नको. शेवटीं तो आपलें मस्तक देऊं करतो, तेव्हां मात्र मागणारा घाबरून ओरडतो! हा प्रवेश औदार्याचा म्हणून वाखाणला जातो. आम्हांस मात्र त्यांत औदार्याइतकीच एक घाई दिसते. समोरचा नको म्हणेल तसतसा हा वाढवीत जातो. आपलें देणें पुरेसें नाहीं ही भीति ज्याच्या मनांत घर करून बसली आहे, त्याची ती घाई आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा कर्ण पानावर बसतो. पूर्वी वार लावून जेवणारा विद्यार्थी असे. ती चाल गेली. पण वडील लवकर वारल्यामुळें काकांकडे वाढलेला पुतण्या, बेताच्या माहेराहून भरल्या घरांत आलेली सून, नोकरी सुटल्यावर भावाच्या आश्रयास राहिलेला धाकटा भाऊ, हीं माणसें आजहि आहेत. घरांत कोणी आजारी पडलें कीं रात्रीं जागावयास तीं, कार्य निघालें कीं शेवटच्या पंक्तीस तीं, आणि आपल्या वांट्याची वस्तु कोणी मागण्याआधींच देऊन मोकळीं होणारींहि तींच. घर त्यांस गुणी म्हणतें आणि त्या गुणीपणांत आपली सोय पाहतें. त्यांचें देणें पुष्कळदां दान नसतें; ह्या घरांत राहूं देतां त्याचें तें भाडें असतें. तें रोजचें रोज चुकतें केलें तरी पावती म्हणून कधीं मिळत नाहीं.

शेवटीं कर्ण अंगाबरोबर जन्मलेलीं कवचकुंडलें देऊं करतो आणि मागणारा हर्षानें होकार देतो. तो हर्ष पाहून हा कृष्णाचा डाव असावा असें कर्णाच्या मनांत येतें, शल्यहि त्यास अडवूं पाहतो. विद्या काळानें क्षीण होते, वृक्ष उन्मळतात, तळीं आटतात, दिलेलें मात्र राहतें, असें सांगून कर्ण कवच अंगावरून कापून काढतो. इंद्रानें तुला फसविलें, असें शल्य म्हणतो. कर्ण म्हणतो, नाहीं, इंद्रच माझ्याकडून फसला, कारण देवांचा राजा आज माझा ऋणी झाला. टाळी घेणारें वाक्य हेंच, पण येथें कर्णाचा जुना दोषच आम्हांस ऐकूं येतो. अंगाचें सालडें काढून दिल्यावरहि कोण वर, कोण खालीं हा हिशेब त्याचा सुटलेला नाहीं.

तो सुटतो त्यापुढच्या लहानशा भागांत, ज्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. इंद्रास पश्चात्ताप झाला आहे; पांडवांपैकीं एकास मारील अशी विमला नांवाची शक्ति घेऊन देवदूत येतो. वनपर्वांत हा सारा प्रसंग युद्धाच्या कितीतरी आधीं घडतो, सूर्य कर्णास स्वप्नांत सावध करतो, आणि कर्ण कवचाच्या मोबदल्यांत शक्ति स्वतः मागून घेतो. भासानें तो व्यवहार पुसून टाकला. त्याचा कर्ण प्रथम झिडकारतोच. दिल्याचा मोबदला आपण घेत नाहीं, म्हणतो. मग दूत म्हणतो, ब्राह्मणाचें वचन म्हणून घे. ब्राह्मणवचन आपण आजवर मोडलेलें नाहीं, असें म्हणून कर्ण ती घेतो.

आम्हां ब्राह्मण घरांतल्या वाचकांनीं येथें जरा थांबावें. ह्या नाटकांत आपल्या जातीचें नांव कर्णाच्या वाटेंत तीनदां येतें. एकदां त्याच नांवापायीं त्यास विद्या चोरून घ्यावी लागली, एकदां त्याच नांवाच्या वेषानें त्याचें कवच गेलें, आणि आतां तिसऱ्यांदा तेंच नांव त्याच्यापुढें केलें जातें. पहिल्या दोन अनुभवांनंतर कोणीहि त्या नांवास हात जोडले असते. कर्णानें तसें केलें नाहीं. दुसऱ्यांनीं तो शब्द कसा वापरला ह्यावर त्यानें आपली निष्ठा ठेविली नव्हती. ती त्याची स्वतःची होती. म्हणून त्या शब्दाखातर तो जन्मांत प्रथमच अशी वस्तु घेतो, जी त्यानें कमावलेली नाहीं, मागितलेली नाहीं, आणि जिच्याबद्दल कोणाचें देणेंहि लागत नाहीं. अंगदेशाचें राज्य असें नव्हतें. मस्तक सहज देऊं करणाऱ्या त्या माणसास हें घेणें किती जड गेलें असेल, तें त्याच्या पहिल्या धिक्कारावरून दिसतें.

नंतरचें सारें झपाट्यानें होतें. अंगावर कवच नाहीं, अस्त्रांस शाप आहे, शक्ति एकदांच चालणारी. दोघे रथांत चढतात, शत्रूकडचा शंखनाद ऐकूं येतो, आणि पहिल्या प्रवेशांत जें सांगितलें तेंच कर्ण शल्यास पुन्हां सांगतो: रथ अर्जुनाकडे. ‘ऊरुभंगां’त दुर्योधनाचा मृत्यु थेट रंगभूमीवर दाखविणारा भास येथें कर्णाचें मरण दाखवीत नाहीं. चाक चिखलांत रुततें तो प्रसंगहि नाहीं. रथ निघतो, आणि भरतवाक्य होतें.