अंगठा म्हणजे ठराव नव्हे

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशी अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती.

'अफवांना बळी पडू नका' हे वाक्य आपण तेव्हापासून घोकतोय. बळी गेले ते पाच जण; मेसेज पुढं ढकलणारे नव्हेत.

त्याच महिन्यात कंपनीनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली. त्यानं वेग कमी होतो. पण दोनशे जणांचा ग्रुप एखादी गोष्ट खरी कशी ठरवतो, हा प्रश्न तसाच राहतो. बारा अंगठे येतात, बाकीचे गप्प बसतात आणि आपण त्याला 'सर्वानुमते' म्हणतो.

ग्रामसभेला कोरम लागतो: 15 टक्के मतदार किंवा 100, यापैकी कमी असेल तो आकडा. कित्येक सभा कागदावरच उरकतात, हे मान्य. तरी तिथं उभं राहून विचारता येतं आणि इतिवृत्तात नोंद मागता येते.

ऑनलाइन हे जमत नाही, असंही नाही. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत जगभर विखुरलेली माणसं ईमेलवर निर्णय घेतात. मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं असतं. कोडमधला बदल एकटा माणूसही 'उणे एक' लिहून रोखू शकतो. मात्र त्याला तांत्रिक कारण द्यावं लागतं. आपल्या ग्रुपवर असं लिहिणाऱ्याला 'वातावरण बिघडवू नको' म्हणतात, नाहीतर काढून टाकतात.

'पोरांच्या जिवाचा प्रश्न असताना 72 तास कुठून आणायचे?' असं कुणी विचारेल. तेवढे नकोच आहेत. 'कोणी पाहिलं, भाऊ? कुठं? कधी?' एवढं विचारायला एक मिनिट लागतं. उत्तर नसेल तर अ‍ॅडमिननं मेसेज उडवावा. असेल तर पोलिसांना फोन करावा. गर्दी बोलावू नये.

जळगाव-धुळ्याहून पुण्यात येऊन कोड लिहिणारे आपण ऑफिसात रिव्ह्यूशिवाय एक ओळ पुढं जाऊ देत नाही. गावच्या ग्रुपवर मात्र 'आपल्याला काय करायचंय' म्हणून म्यूट करतो. तो म्यूटही होकारातच मोजला जातो. आज ग्रुप उघडा आणि हे तीन प्रश्न नियम म्हणून वर पिन करा.