सहाशे रुपये ब्रास

सरत्या वर्षाचा आढावा घेणे हा दिवाळी अंकाच्या संपादकाचा रिवाज. तो यंदा आम्ही एका वाक्यात उरकतो. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचा सोहळा चौंडीला थाटात झाला, आणि सप्टेंबरात सीनेच्या पुराने काठची उभी पिके मातीसकट खरडून नेली. उरलेले वर्ष वाचकांनी वर्तमानपत्रांतून अनुभवलेच आहे. आमच्या मनात मात्र जे शल्य बारा महिने सलत राहिले, त्याचा उगम एका सरकारी दरात आहे.

१ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे राज्यातील पहिला सरकारी वाळू डेपो सुरू झाला आणि वाळूचा दर ठरला ६०० रुपये ब्रास. गरिबाला घरासाठी स्वस्त वाळू मिळावी व चोरटा उपसा थांबावा हा त्यामागील हेतू, त्याबद्दल आमची तक्रार नाही. ते धोरणही पुढे बदलले. तक्रार ही की, ब्रासभर, म्हणजे शंभर घनफूट, वाळू नदीतून उचलली की तिला भाव येतो, पण तीच जागेवर पडून राहून जे काम करते, त्याला महसुलाच्या कोणत्याही दप्तरात रकाना नाही.

वैशाखात प्रवरेच्या किंवा मुळेच्या कोरड्या पात्रात ज्याने झिरा उकरलेला पाहिला असेल, त्याला हे काम समजावून सांगावे लागणार नाही: हातभर वाळू बाजूला सारली की तळाशी प्रथम गढूळ ओल दिसते, ती वाटीने उपसून टाकली की हळूहळू नितळ पाणी साचू लागते, आणि घागर भरेपर्यंत बायका तेथेच सुखदुःख बोलत बसतात. पुराचे पाणी कणांमधील पोकळ्यांत साठवून ठेवणे, ते गाळणे आणि काठच्या विहिरींना पाझराने पुरविणे, हे कार्य वाळूचा थर एका पैशाचेही वीजबिल न मागता करीत असतो. तो खरवडून पात्र खोल गेले म्हणजे पाझराची दिशाच उलटते, विहिरीतले पाणी नदीकडे ओढले जाते, आणि शेतकरी आणखी दोन परस खणण्यासाठी सोसायटीकडे कर्जाचा अर्ज करतो. त्या कर्जाची नोंद होते. वाळूने तोवर वाचविलेल्या खर्चाची होत नाही.

जुन्या महसुली शास्त्याला याची जाणीव होती. सातबारावर जे क्षेत्र पोटखराबा म्हणून लागते, त्याच्या ‘ब’ वर्गात, ज्या ओढ्या-तळ्यांचे पाणी खातेदाराखेरीज इतर लोक पिण्यास वा शेतीस वापरतात त्यांचा समावेश होतो, आणि अशा क्षेत्रावर आकार बसविला जात नाही. ओढा लोकोपयोगी आहे एवढे दप्तराने मान्य केले, आणि त्या उपयोगाची मोजदाद करण्याऐवजी तेथे शून्य मांडून ते मोकळे झाले. नदीने केलेल्या नुकसानीचा पंचनामा होतो. तिच्या देण्याचा कधीच नाही.

अन्यत्र ही मोजदाद रूढ होत आहे. १९९७ साली रॉबर्ट कोस्टान्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अरण्ये, नद्या, सरोवरे, समुद्र मानवाला जे देतात त्याचे वार्षिक मोल सुमारे ३३ लक्ष कोटी डॉलर काढले, आणि ते त्या वेळच्या साऱ्या जगाच्या उत्पन्नाहून अधिक भरले. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने अशा हिशेबाची पद्धतही संमत केली. नेवाशास प्रवरेच्या ज्या तीरी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याची किंमत डॉलरांत काढणाऱ्याशी आमचे गोत्र जुळणे कठीण. परंतु ज्याला मोल लावणे अधर्म असे आपण भक्तिभावाने म्हणतो, ते व्यवहारात फुकट ठरते आणि लिलावात पहिले जाते. म्हणून रुपये नकोत तर नकोत, माप हवे.

आणि मापाचे आपल्याला वावडे कोठे आहे? १५ ऑक्टोबर जवळ आला की जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या वर की खाली, यावर चावडीपासून उच्च न्यायालयापर्यंत वाद रंगतो (यंदा धरण भरले म्हणून तो निजला आहे, इतकेच), आणि १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याचे ११ टीएमसी शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण टीएमसीत मोजले जाते ते अडवून पाटाने नेता येणारे पाणी. मासे, कुरण, पाझर, घाटावरचे स्नान, शेवगाव-नेवाशाच्या हद्दीत जायकवाडीच्या नाथसागराच्या उथळ कडेला उतरणारे पक्षी, यांना तेथे जागा नाही.

उपसण्यापूर्वी मोजण्याचा धडा नगर तालुक्यातील हिवरे बाजारने केव्हाच घालून दिला. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, माणसांचे व गुराढोरांचे पाणी आधी बाजूला काढले जाते, आणि उरल्यातून रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभा ठरविते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पर्जन्यछायेतल्या गावाला जे जमले, ते बारमाही पाटाखालच्या गावांना का सुचू नये, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

या अंकाचा विषय ‘हिशेब’ आहे, आणि वहीपूजनाच्या मुहूर्ताला तो शोभेल म्हणून निवडला हे उघड आहे. लेखकांनी घरखर्चावर लिहिले, कीर्तनकारांच्या बिदागीवर लिहिले. नदीवर एकानेही लिहिले नाही, तेव्हा ती भर येथे घातली.

वाचकांकडे मागणे एकच. वाळूघाटाच्या लिलावासाठी ग्रामसभेची शिफारस मागितली जाईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीची, ती शिवारात नसल्यास काठच्या आपल्याच विहिरीची, मागील पाच वर्षांची पातळी सभेपुढे मांडण्याचा आग्रह धरा, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या.